समुद्राकडची बाजू

“काबुरे, तू वर. उरिआम, तू खाली.”

पहाटेची ती हाक विरून वर्षं लोटली होती. हाक देणारे वडीलही चर्चमागच्या पांढऱ्या वाळूत निजले होते. तरी अळूच्या खड्ड्यात उतरताना काबुरेच्या कानात आधी ती हाक उतरायची आणि मग त्याचे पाय चिखलात उतरायचे. आजही तसंच झालं. मांड्यांपर्यंत गाळात उभं राहून त्याने एक पिवळं पान देठापासून कापलं, त्याची घडी घातली, गाळात दाबलं आणि टाचेने आणखी आत लोटलं. मग दुसरं. भाऊ उठायच्या आत हे उरकायला हवं होतं.

समुद्राकडच्या बाजूचं पाणी खारं झालं होतं. मागच्या उधाणाला लाट बांधावरून आत आली, खड्ड्यात बसून राहिली आणि ओहोटीबरोबर निघून गेली. मीठ मात्र मागे राहिलं. पानांच्या कडा आधी करपल्या, मग पानं पिवळी पडली. जे कंद वाचण्यासारखे होते ते काबुरेने कुजायच्या आत उपटले आणि चर्चच्या जेवणावळीला नेऊन दिले. गावाने ते वाखाणले. ब्वातिओचा लेक शोभतोस, असं म्हातारे म्हणाले तेव्हा त्याने नुसती मान हलवली. आता ती अर्धी बाजू मोकळी, काळीभोर, लावणीसाठी मुद्दाम तयार केल्यासारखी दिसत होती. खरं काय ते एक त्याला ठाऊक होतं आणि एक त्याच्या बायकोला, नेई तेबोराला. मधल्या रांगेची पानंही आता पिवळी व्हायला लागली होती, एवढंच काय ते झाकायचं उरलं होतं.

बेरू बेटावर माड कुणाच्याही दारात असतात. अळूचा खड्डा मात्र घराण्याचा असतो. कुठली पानं मुळाशी घालायची, चंद्र कुठे असताना, काय पुटपुटत, हे ज्याचं त्याचं गुज. बाप ते एकाच लेकराच्या कानात सांगतो आणि उरलेल्यांनी ते विचारायचं नसतं. म्हणूनच ती ‘वर’ आणि ‘खाली’ची हाक काबुरेला इतकी लागली होती. तो थोरला, म्हणून त्याने माडावर चढायचं, फुलोऱ्याची पोय तासायची, माडीची नरोटी बदलायची. माडी काढणारा वरून गात राहतो, म्हणजे खालच्या बायांना कळतं की वर कुणी आहे. काबुरेही गायचा. गाणं त्याने आपलं आपणच जुळवलं होतं.

उंच माडाच्या शेंड्याला, माझ्या वाट्याला गं वारा,
खाली पानांच्या सावलीत, बोलाचालीचा पसारा.

शेंड्यावरून त्याला अळूच्या छत्रीएवढ्या पानांतून दोन पाठी दिसायच्या, एक रुंद आणि एक इवलीशी. पुटपुटणं ऐकू यायचं, शब्द यायचे नाहीत. पुढे खड्डा काबुरेला मिळाला, उरिआम राजधानीच्या तारावा बेटावर गेला, तिथून परदेशी बोटींवर गेला. पण जमीन मिळाली तरी जमिनीचं गुज धाकट्याकडेच राहिलं, हे काबुरेच्या मनातून कधी गेलं नाही. वडिलांच्या हातचा एकेक कंद दोन माणसांनी काठीला बांधून आणावा लागे. काबुरेचे कंद चांगले होते. पण ते एकट्याला उचलता यायचे.

“दादा, एवढ्या सकाळी?”

उरिआम बांधावर उभा होता. अंगात बोटीवरून आणलेली निळी बनियन, पायांत चपला. काबुरेने हातातलं पान पाण्याखाली सोडलं.

“तुमच्या तारावातल्या बेशिओत ऊन डोक्यावर आल्यावर उठतात वाटतं.”

“बेशिओत झोपच कुठे लागते उठायला? एकाने कूस बदलली की सगळ्या रांगेने बदलायची. जो चुकेल तो सकाळी शेजाऱ्याच्या घरात सापडतो.”

तो हसला. त्याचं हसणं काबुरेला आवडत नसे, कारण ते बाकी सगळ्यांना आवडायचं. बोट लागली त्या दिवशी तो गुडघाभर पाण्यातून हसतच चालत आला होता आणि जी माणसं काबुरेकडे मान वर करून बघत नसत ती किनाऱ्याकडे धावली होती. वहिनीला त्याने फुलाफुलांचं कापड आणलं, भावाला माडी काढायची नवी सुरी. सुरी उत्तम होती. ती अजून फडक्यातच गुंडाळलेली होती.

“ही बाजू मोकळी ठेवलीयस,” उरिआम समुद्राकडच्या बाजूकडे बघत म्हणाला.

“जेवणावळीला काढली.”

“बाबांची बाजू,” तो म्हणाला आणि बराच वेळ तिथेच बघत राहिला.

घरी नेई तेबोरा नीरफणसाचे काप भाजत होती. नवऱ्याचे गाळाने भरलेले हात तिने पाहिले, मग त्याचा चेहरा.

“आजही कापलीस?”

“हळू बोल.”

“किती दिवस कापणार? उद्या बोट जाईल, भाऊजी जातील, मग काय पिवळी पानं हिरवी होणारेत?” तिने काप उलटला. “त्यापेक्षा विचार त्यांना. बाबांनी काय सांगितलं होतं ते विचार. सरळ बुबुती कर. नाही म्हणता येणार नाही.”

बुबुती हा शब्द आपल्या माणसापुढे उच्चारून जे मागावं ते द्यावंच लागतं. होडी, डुक्कर, अंगातला सदरा, काहीही. म्हणून शहाणी माणसं तो शब्द क्वचितच काढतात.

“थोरल्याने धाकट्यापुढे हात पसरायचे?”

“नाही तर बस जळत. चुलीला तेवढी लाकडं कमी लागतील.”

 चटका बसेल इतका गरम काप काबुरेने तोंडात टाकला आणि तसाच चावला.

दुपारी गावाच्या मनेआबात, सभेच्या घरात, उरिआमसाठी जेवण ठेवलं होतं. त्या मोठ्या, उतरत्या छपराखाली ज्या त्या घराण्याची बसायची जागा खांबाखांबावरून ठरलेली. खांब तेवढेच होते, चटया मात्र बऱ्याच गुंडाळलेल्या. ज्यांनी त्या उलगडायच्या ते तारावाला होते, कुणी गोदीत, कुणी सरकारी कचेरीत, कुणी नुसतेच भावाबहिणीच्या घरात दाटीवाटीने. मागे उरलेल्यांकडे खोबरं होतं आणि म्हातारपण.

आपल्या घराण्याची पुढची जागा काबुरेची. तिथे तो बसला होता. पण म्हाताऱ्या तियोनेआजोबांनी चटईवर थाप मारली आणि म्हणाले, “उरिआम, इकडे पुढे ये. तुझं तोंड बघू दे. काबुरेचं आम्ही रोजच बघतो.”

लोक हसले. काबुरे जरा मागे सरकला.

“काय रे, तुमच्या तारावात उभं राहायला तरी जागा आहे का?”

“आहे ना, आजोबा. एका पायावर. दुसरा पाय शेजाऱ्याच्या दारात.”

“आणि पाणी?”

“विहिरीचं प्यायलं की पोट धरायचं, टाकीचं प्यायचं तर रांग धरायची. काहीतरी धरलेलंच असतं हातात.”

म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. “इथे बघ. पाय पसरायला सगळं बेट मोकळं. पसरणारे पायच नाहीत.”

त्या वाक्यावर उरिआम हसला नाही. त्याने माशाचं ताट बाजूला सारलं, भावाकडे वळून बसला आणि नजर चटईवर ठेवली.

“दादा,” तो म्हणाला, “मी बुबुती करतो.”

वारा घालणारे हात थांबले. नेई तेबोराचा झापाचा पंखाही.

“खड्ड्याची समुद्राकडची बाजू मला दे. बाबा लावायचे ती. बोटीवरचं काम सुटलं. माझ्यासारखे पुष्कळ सुटले. पोरं मोठी होतायत आणि तिकडे घरात भरतीचं पाणी चुलीपर्यंत येतं. त्यांना घेऊन परत येतो. तिकडची जागा माझ्या मेव्हण्याला हवीय, तो डोळा लावून बसलाय. उद्या सकाळी पहिली लावणी करतो आणि त्याला फोन करून जागा घे म्हणून सांगतो. मग बोटीने जाऊन सगळ्यांना घेऊन येतो.”

काबुरेच्या बोटांत माशाचा काटा होता. त्याने तो आधी चोखून स्वच्छ केला, मग ताटाच्या कडेला सरळ ठेवला. बाबांची बाजू. गुज त्याच्याकडे, गाव त्याच्या पुढ्यात, आणि आता ही बाजूही त्याने तोंडाने मागून घेतली. तेही सगळ्यांदेखत, नाही म्हणता येऊ नये अशा रीतीने.

समोरून बायको बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“घे,” तो म्हणाला. “दिली.”

टाळ्या झाल्या. म्हाताऱ्याने काबुरेच्या गुडघ्यावर थोपटलं. “थोरला असावा तर असा.” याआधी या छपराखाली काबुरेसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

परतताना नेई तेबोरा दोन पावलं मागून चालत होती. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, “जमीन दिलीस की मीठ दिलंस?”

“त्याने मागितलं ते दिलं.”

“त्यांनी अळू लावायला मागितलं.”

“मग लावेल की. बाबांचा लाडका आहे, गुज आहे त्याच्याकडे. त्याला मीठ काय आड येणार?”

ती थांबली. “आत्ता तुझ्या तोंडात जे आहे ना, ते त्या खड्ड्यातल्या पाण्याहून खारं आहे. पोरं आहेत त्यांना. तिकडची जागा एकदा सोडली की परत मिळायची नाही.”

काबुरे तसाच माडाकडे वळला. संध्याकाळची माडी काढायची होती. जुनीच सुरी दातांत धरून तो वर चढला, शेंड्यात पाय अडकवून बसला. पलीकडे समुद्रावर परदेशी बोटींचे दिवे एकेक करून लागत होते. त्या आपल्या पाण्यातले मासे भरून न्यायच्या, सरकारला त्याचे पैसे द्यायच्या, आणि ते पैसे तारावाला पोचायचे, म्हणून माणसंही त्यांच्या मागे तारावाला पोचायची. अलीकडे, खाली, त्याचा भाऊ एकटाच खड्ड्यात उतरला होता. दोन्ही हात पसरून तो जागा मापत होता. एवढी एका रोपाला, एवढी दुसऱ्याला. मधेच थांबून कुणाशी तरी बोलल्यासारखी मान हलवत होता. काबुरेने पोय तासली, नरोटी बांधली. तो गायला नाही, आणि वर कुणी आहे हे खाली उरिआमला कळलं नाही.

सकाळी काबुरेने बेणं दिलं, गोड्या बाजूचं, चांगलं निवडून. ते तरी खोटं देववेना. केवड्याच्या पात्यांचा भाराही त्यानेच आणून टाकला आणि तो बांधावर उकिडवा बसला. आता ते गुज त्याच्या डोळ्यांसमोर उलगडणार होतं. लहानपणी माडावरून जे दिसलं नाही ते आज हाताच्या अंतरावरून दिसणार होतं.

उरिआमने रोप गाळात उभं केलं. भोवती पात्यांचं कडं विणायला घेतलं, ज्यात पानं आणि माती भरत जायचं. विणलं, सोडलं, पुन्हा विणलं. कडं एका बाजूला कलंडलं.

“उलटं चाललंय,” काबुरे म्हणाला.

“काय?”

“पाती. खरखरीत अंग बाहेर हवं. नाही तर माती धरत नाही.”

उरिआमने पाती उलटी केली. आता गाठ चुकली. काबुरे बघत राहिला. हे पहिल्या वर्षी पोरं शिकतात.

“बाबांनी हेसुद्धा शिकवलं नाही का तुला?” टोमणा त्याच्या तोंडून निसटून गेला.

“नाही.” उरिआमने हातातल्या गाठीकडे पाहिलं. “बाबांनी मला काहीच शिकवलं नाही, दादा.”

“मग रोज खाली काय करत होतात?”

“मी पानं धरून उभा राहायचो. ते गोष्टी सांगायचे. शार्क माशाला बोलतं करणाऱ्या म्हाताऱ्याची, नाही तर कुठल्याशा राजाच्या लठ्ठ बायकोची. सगळ्या खोट्या. मी हसायला लागलो की हळू म्हणायचे.”

“गोष्टी?”

“मला चढता येत नाही.” तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला की काबुरेला आधी कळलंच नाही. “एकदा बाबांनी चढवलं होतं, तू खाडीवर गेला होतास तेव्हा. अर्ध्यात गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. माडाला मिठी मारून रडत बसलो. उतरवताना त्यांच्या खांद्यावर ओकलो. माडी काढणाऱ्याचं पोर, आणि उंचीला भितं. कुणाला कळलं असतं तर जन्मभर नाव पडलं असतं. बाबा म्हणाले, गप्प राहा. मी तुला खाली नेत जाईन. लोक समजायचं ते समजतील.”

काबुरेच्या हातात केवड्याची एक पाती होती. तिचे उभे धागे निघत होते, एकामागून एक.

“समजले लोक,” उरिआम म्हणाला. “मान द्यायला लागले. तूसुद्धा माझ्याशी जपून बोलायला लागलास. मग खरं सांगायची सोयच राहिली नाही. आणि इथे चढता न येणाऱ्या पुरुषाने खायचं काय? म्हणून गेलो. बोटीवरही यंत्राच्या खोलीतलं काम मागून घेतलं, तळातलं.” तो हसला, पण हे हसणं काबुरेने आधी ऐकलेलं नव्हतं. “म्हटलं, माड नाही तर नाही. जमिनीच्या खाली काहीतरी करता येतं का बघू. तू देशील असं वाटलं नव्हतं, खरं सांगू? दिलंस.”

  रागावायला काबुरेपाशी आता काहीच उरलं नव्हतं. माणसाने कमरेची सुरी चाचपावी आणि ती तिथे नसावी, तसं त्याला झालं.

उरिआमने कसंबसं कडं बांधलं, माती भरली, त्याच पाण्यात हात धुतले. पाणी त्याने चाखून पाहिलं नाही.

“येतो फोन करून,” तो बांधावर चढत म्हणाला. “बोटीत खोबरं भरून होईपर्यंत वेळ आहे. आल्यावर गाठ दाखव मला.”

त्याची पावलं वाळूत करकरत दूर गेली. काबुरे खाली उतरला. भावाने विणलेलं कडं त्याने सोडवलं आणि खरखरीत अंग बाहेर ठेवून पुन्हा विणलं, घट्ट, वडील विणायचे तसं नव्हे, आपण विणतो तसं. गाठ मारताना त्याचे हात थांबले. ओंजळभर पाणी घेऊन त्याने जिभेला लावलं, थुंकलं. मग ते रोप दोन्ही हातांनी धरलं, मुळासकट वर काढलं आणि बांधावर आडवं ठेवलं.

वाटेत नेई तेबोरा विहिरीपाशी होती. त्याचे गाळाने माखलेले पाय आणि चालण्यातली घाई बघून तिने बादली बाजूला घेतली.

बेटाच्या कचेरीसमोर खोबऱ्याच्या गोण्या रचल्या होत्या आणि गोण्यांवर बोटीची वाट बघणारी माणसं बसली होती. तियोनेआजोबाही होते, कुणालाच पोचवायचं नसताना नुसते बोट बघायला आलेले.

“अरे, दानशूर आला,” म्हातारा म्हणाला. “पाय तरी धुवायचेस.”

उरिआम खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. फोन कानाला, दुसऱ्या कानात बोट. “हो, ऐकू येतंय. दे ना त्याला. बरं, थांबतो.” त्याने मागे वळून पाहिलं. “दादा? आलोच. मेव्हण्याला बोलवायला गेलेत.”

“ठेव तो.”

“मोठ्या मुश्किलीने लागलाय.”

“ठेव म्हणतो ना.”

काबुरेच्या आवाजाने गोण्यांवरची बोलणी थांबली. उरिआमने फोन कानापासून दूर केला, पण बंद केला नाही. त्यातून कुणाचा तरी बारीक आवाज हॅलो हॅलो म्हणत राहिला. काबुरे म्हाताऱ्याच्या समोर, सगळ्यांच्या समोर उभा होता. पायांवरचा गाळ वाळून पांढरा पडायला लागला होता.

“त्या बाजूचं पाणी खारं आहे,” तो म्हणाला. “उधाणापासून. काल तू मागितलंस, तेव्हाही मला ठाऊक होतं.”